गॅसवाल्या बिअरची ग्रॅव्हिटी : जावयाच्या बाटल्या आणि कारखान्याचं स्पिंडल

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, साखर कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालोय. मुलगी-जावई ब्रिस्बेनला असतात, जानेवारी ते मार्च तिकडं होतो. तिथं स्वतःपुरती बिअर घरी करायला परवानगी आहे आणि जावयांना त्याची आवड आहे. मी असताना त्यांनी एक बॅच केली, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या मानानं द्रव किती जड आहे तो आकडा) १.०५० होती, गॅरेजमध्ये आंबवली, बाटलीत भरताना १.०१२ दाखवली म्हणून बाटलीत गॅस तयार व्हावा यासाठी लिटरला ६ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. सहा आठवड्यांनी बाटली उघडली तर निम्मी बिअर फेस होऊन सिंकमध्ये गेली. काय झालंय बघायला म्हणून फ्रिजमधली बाटली थेट जारमध्ये ओतून हायड्रोमीटर (तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणारी काचेची दांडी) सोडला तर १.०१९, दुसऱ्या बाटलीला १.०१५, तिसऱ्यांदा १.०२१. आंबताना ग्रॅव्हिटी उतरते एवढं मला कळतं, ती चढली कशी? मी परत आलोय पण डोक्यातून जात नाही. माझ्याकडं कारखान्यातलं जुनं ब्रिक्स स्पिंडल (साखरेच्या पट्टीचा हायड्रोमीटर) आहे, ते पाठवू का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न मी स्वतः जगलेय. आधी एक सांगून टाकते, इकडच्या वाचकांसाठी, आपल्याकडं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली लायसन्सशिवाय घरी बिअर करता येत नाही, त्यामुळं खालचं सगळं जावयांच्या गॅरेजसाठी आहे, किंवा जे मायक्रोब्रुअरीत, डिस्टिलरीत, वाइनरीत रीतसर काम करतात त्यांच्यासाठी.

ग्रॅव्हिटी चढलेली नाही. हायड्रोमीटर वर उचलला गेलाय, एवढंच.

पुढच्या वेळी जार उजेडासमोर धरून बघायला सांगा. गॅसवाल्या बिअरमध्ये हायड्रोमीटर सोडला की पहिल्या अर्ध्या मिनिटात खालच्या फुग्याला बारीक बारीक बुडबुडे चिकटायला लागतात, मोहरीएवढे, मग ते वाढतात, शेजारच्याला मिळतात, दांडीवरनं वर सरकतात आणि हायड्रोमीटर हळूच वर येतो, मधेच एखादा मोठा बुडबुडा सुटला की तो परत खाली बसतो. म्हणजे हलणारा काटा आहे तो, तुम्ही ज्या क्षणाला बघाल तो आकडा. म्हणून तुम्हाला तीन वेळा तीन आकडे मिळाले. बुडबुडा म्हणजे हायड्रोमीटरला बांधलेला हवेचा फुगाच, वजन जवळपास नाही आणि जागा मात्र व्यापतो, त्यामुळं बिअर आहे त्यापेक्षा जड भासते. चूक कायम एकाच दिशेला, जास्तीच्या.

मी लॅबमध्ये नवीन लागले तेव्हा एका कारखान्याच्या डिस्टिलरीत रात्रपाळीला मळीच्या वॉशची (आंबवायला ठेवलेल्या पातळ मळीची) ग्रॅव्हिटी घेत होते. मळीत न आंबणारं खूप असतं, क्षार वगैरे, त्यामुळं तो वॉश बिअरसारखा १.०१० पर्यंत उतरत नाही, १.०४० च्या आसपासच थांबतो. मला १.०४४ दिसत होतं, तासाभरानं परत १.०४४, मी आंबवण अपुरी आहे म्हणून टाकी पुढं सोडलीच नाही. सकाळी आमचे सीनियर केमिस्ट आले, त्यांनी तोच नमुना दोन बीकरमध्ये वीस-पंचवीस वेळा वरखाली केला, फेस बसू दिला आणि स्पिंडल सोडलं, १.०४०. टाकीतली आंबवण मध्यरात्रीच संपलेली होती. ते रागावले नाहीत, फक्त म्हणले, वॉश जिवंत असतो पोरी, त्याचा श्वास काढल्याशिवाय माप घ्यायचं नाही. तेव्हापासून गॅस काढल्याशिवाय मी कुठलाच आकडा वहीत लिहिला नाही.

आता गॅस काढायचा कसा. बाटलीबंद बिअरमध्ये साधारण अडीच व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस विरघळलेला, वजनात लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास. थंड द्रव गॅस धरून ठेवतो आणि गरम झाला की सोडतो, शून्य अंशाला उघड्या भांड्यातलं पाणी १.७ व्हॉल्यूम धरतं, २० अंशाला ०.९ च्या आतच. म्हणून फ्रिजमधनं काढून लगेच माप घेणं ही सगळ्यात वाईट वेळ. बाटली उघडताना मात्र ती गारच असू दे, म्हणजे फेस कमी उडेल, मग बिअर मोठ्या जगात हळू ओता, तळाचा यीस्टचा गाळ बाटलीतच ठेवा, आणि जग कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून २० अंशापर्यंत येऊ द्या. मग आपला चहावाला उंचावरनं चहा ओततो ना, तसं दोन जगांमध्ये हातभर उंचीवरून पंधरा-वीस वेळा इकडनं तिकडं करा. फेस येईल भरपूर, तो चमच्यानं काढून टाकू नका, तीपण बिअरच आहे, पाच-दहा मिनिटं थांबा, खाली बसते, मग परत ओता. घाई असेल तर कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली घ्या, निम्मीच भरा, झाकण लावून जोरात हलवा, झाकण सावकाश सैल करून फुस्स होऊ द्या, असं फुस्स होणं बंद होईपर्यंत करत राहा. काचेच्या बाटलीत हे अजिबात करायचं नाही. शेवटी कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळली तर राहिलेला गॅस आणि तरंगणारं यीस्ट दोन्ही जातं, ब्रुअरीच्या लॅबमध्येही थोडंफार असंच करतात, २० अंशाला फ्लास्क हलवायचा आणि घडीच्या फिल्टर पेपरमधनं गाळायचं.

वेळ असेल तर यातलं काही न करता ग्लासवर बशी झाकून रात्रभर ठेवलं तरी चालतं. झाकायचं मात्र नक्की, नाहीतर अल्कोहोल थोडं उडतं. आणि उकळायचं नाही, त्यात अल्कोहोल जातं आणि ग्रॅव्हिटी खरोखरच चढते.

एक गोष्ट विशेष करून सांगते कारण आपल्याकडच्या माणसाच्या हातून ती सहज होते. लिंबूसोड्यात मीठ टाकलं की तो फसफसून वर येतो आणि गॅस जातो, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून बघितलंय. बिअरच्या नमुन्यात मीठ किंवा साखर टाकून गॅस काढायचा नाही. गॅस जाईल, पण विरघळलेलं मीठ ग्रॅव्हिटीत मोजलं जाईल. पाव लिटर बिअरमध्ये अर्धा ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम चिमूट, तरी दीडेक पॉइंट वर जातो (पॉइंट म्हणजे दशांशानंतरचा तिसरा आकडा, १.०१२ म्हणजे १२ पॉइंट).

गॅस गेला की नाही हे कशावरनं ओळखायचं? हायड्रोमीटर सोडताना बोटांनी गोल फिरवायचा, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात आणि जारच्या भिंतीलाही तो टेकत नाही. थांबला की डोळा पातळीला आणून आकडा लिहायचा, दहा मिनिटं तसाच सोडून परत फिरवायचा, परत वाचायचा. दोन्ही आकडे सारखे आले तर गॅस गेला. दुसरा आकडा वेगळा आला तर अजून ओता. हे दोनदा वाचायचं मी कधीच सोडत नाही, मग कितीही वेळा ओतलेलं असू दे.

आता तुमच्या स्पिंडलबद्दल. बॉलिंगनं १८४३ मध्ये केलेली पट्टी, ब्रिक्सची आणि प्लेटोची, तिन्ही शंभर ग्रॅममध्ये साखर किती ग्रॅम हेच सांगतात, त्यामुळं तुमचा १२ ब्रिक्स आणि जावयांचा १.०४८ एकच गोष्ट आहे. पण स्पिंडलच्या आतल्या कागदावर तापमान लिहिलेलं असतं ते वाचा. आपल्या कारखान्यांतली कितीतरी जुनी स्पिंडलं २७.५ अंशाला बांधलेली असतात आणि तिकडची २० किंवा १५.५६ अंशाला. २७.५ वालं स्पिंडल २० अंशाच्या बिअरमध्ये सोडलं तर जवळजवळ अर्धा ब्रिक्स जास्त दाखवेल, म्हणजे दोन पॉइंट. ० ते १० ब्रिक्सचं छोट्या रेंजचं असेल तर पाठवा नक्की, त्याच्या दांडीवरच्या रेघा लांब लांब असतात, वाचायला फार सोपं, फक्त तापमानाची चिठ्ठी सोबत लिहून द्या. आणि पोचल्यावर आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिहिलेल्या तापमानाला शून्य दाखवतं का बघायला सांगा, कागदाची पट्टी आत सरकलेली असते कधी कधी.

हे उत्तर लिहून मी काकांना आधीच मेल केलं होतं, त्यांचं दुसरं पत्र आलंय.

प्रश्न : मॅडम, जावयांनी तुम्ही सांगितलं तसं केलं. २० अंशाला गॅस काढून, दोनदा वाचून १.०११ आली, दुसऱ्या बाटलीलाही १.०११. भरताना १.०१२ होती, म्हणजे फक्त एक पॉइंट उतरलाय. मग एवढा फेस कशाचा? साखर जास्त पडली का?

उत्तर : काका, भरायच्या दिवशी बिअर किती गरम होती हे तुम्ही लिहिलं नव्हतं म्हणून मी फोन करून विचारलं, तर म्हणालात गॅरेज जानेवारीतलं, थर्मामीटर ३० दाखवत होता, आणि हायड्रोमीटर २० अंशाचा. इथंच उत्तर आहे बघा.

गरम द्रव पातळ होतो, हायड्रोमीटर जास्त बुडतो, आकडा कमी दिसतो. २० च्या हायड्रोमीटरला ३० अंशाला दोन पॉइंट मिळवायचे असतात. म्हणजे भरताना १.०१२ नव्हती, १.०१४ होती. आज १.०११ आहे. एक नाही, तीन पॉइंट उतरलेत, आणि ते बाटलीत, झाकणाखाली.

तीन पॉइंट म्हणजे किती ते हिशोबानं बघू. एक पॉइंट आंबला की साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस तयार होतो, म्हणजे तीन पॉइंटांचा दीड. लिटरला ६ ग्रॅम साखरेनं दिलेला दीडच्या थोडा वर, धरा १.६. आणि ३० अंशाला बिअरमध्ये आधीच असलेला ०.६५ च्या आसपास. बेरीज पावणेचार. साधी बिअरची बाटली तीनच्या वर न्यायचीच नसते. साखर बरोबर पडली होती, आंबवण संपायच्या आधी भरली गेली. साखर घातल्यानं शेवटचा आकडा बदलतो का असं कुणी विचारेल, तर नाही म्हणण्याइतकाच, ती पूर्ण आंबते आणि अर्धा पॉइंट इकडंतिकडं.

मला यातली जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अशी, की बुडबुडे आकडा वर नेतात आणि उष्णता खाली आणते. बुडबुड्याच्या चुकीनं फार तर तुम्ही दोन दिवस जास्त थांबता, बिअरचं काही बिघडत नाही. उष्णतेच्या चुकीनं तुम्ही लवकर भरता, आणि ती चूक बाटली फोडते. आणि दोन्ही एकदम झाल्या, म्हणजे गरम आणि अर्धवट गॅस असलेला नमुना, तर एकमेकीला झाकतात आणि आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो, १.०१२, छान, संपलं. सांगली काय किंवा ब्रिस्बेन काय, उन्हाळ्यात ३०-३२ अंश काही वेगळं वाटत नाही आपल्याला, त्यामुळं थर्मामीटर जारमध्ये घालायचं सुचतच नाही. माझी विनंती आहे, वहीत ग्रॅव्हिटीशेजारी तापमानाचा रकाना आखा आणि तो रिकामा असेल तर तो आकडा धरू नका.

आत्ता करायचं काम : राहिलेल्या सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये, आजच. गारठ्यात यीस्ट जवळजवळ थांबतं आणि दाब उतरतो. गॅरेजमधनं उचलताना चष्मा किंवा गॉगल, जाड हातमोजे, बाटली टॉवेलात गुंडाळून, आणि नातवंडं त्या खोलीत नकोत. मुलीला सांगा हे गमतीवारी घ्यायचं नाही, काच डोळ्यात गेली तर परत काही करता येत नाही. एक दिवस पूर्ण गार झाल्यावर सिंकमध्ये धरून झाकण जरासं उचलायचं, गॅस सोडायचा, परत दाबायचं, असं दोन-तीनदा.

पुढच्या बॅचला नमुना २० अंशाला आणून, गॅस काढून, तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा सारखा आकडा आल्याशिवाय भरायची नाही. आणि अल्कोहोल किती निघालं बघायचं असेल तर सुरुवातीच्यातून शेवटची वजा करून १३१.२५ नं गुणायचं, १.०५० आणि १.०११ ला ५.१ टक्के येतात, त्यात बाटलीतल्या साखरेचे ०.३ मिळवा. पहिल्या दिवशीचा तुमचा तो १.०२१ धरला असता तर ३.८ च आले असते.

प्रश्न : माझी तासगावजवळ द्राक्षबाग आहे, रिफ्रॅक्टोमीटर कायम खिशात असतो. नातू वाइनचं शिक्षण घेतोय, तो म्हणतो आंबवलेल्या रसाला हा चालत नाही. दोन थेंबांत काम होतं, गॅस काढायची कटकट नाही, मग का नाही चालत?
— एक बागायतदार, ता. तासगाव

उत्तर : आबा, नातू बरोबर बोलतोय. तुमचं यंत्र उजेड किती वाकतो ते बघतं आणि त्यावरनं साखर सांगतं. घडात फक्त साखरपाणी आहे तोपर्यंत ते चोख, १८ ब्रिक्स म्हणजे १८. पण अल्कोहोलपण उजेड वाकवतं, पाण्यापेक्षा जास्त, आणि यंत्राला दोन्हीतला फरक कळत नाही. १२ ब्रिक्सनं सुरू झालेली बिअर आंबून १.०१२ ला आली तरी रिफ्रॅक्टोमीटर ६ च्या आसपास दाखवतो, आणि ६ चा सरळ अर्थ १.०२४ होतो. निम्मी साखर शिल्लक आहे असं वाटेल. सुरुवातीचा ब्रिक्स लिहून ठेवलेला असेल तर सूत्रानं दुरुस्ती करता येते, तयार कॅल्क्युलेटर मिळतात, रोज किती उतरतंय एवढंच बघायचं असेल तर तेवढं पुरतं. बाटलीत भरायचा निर्णय मात्र हायड्रोमीटरवरच. पलूसला वाइन पार्क झाल्यापासून आपल्या भागात कितीतरी पोरं या कामात आलीत, त्यांच्यातलेही काही बागेतला रिफ्रॅक्टोमीटर तसाच टाकीवर घेऊन जातात म्हणून हे सविस्तर लिहिलं.

आणि गॅसची कटकट इथंही आहेच, काचेवर बुडबुडा अडकला की निळी-पांढरी रेघ धूसर होते. थेंब टाकायच्या आधी नमुना चमच्यानं ढवळून घ्या, झाकण टेकवल्यावर अर्धा मिनिट थांबा.

प्रश्न : मी आल्याचा आंबवलेला सोडा घरी करते, आलं, गूळ, पाणी, मुलांना फार आवडतो. ब्रिक्स स्पिंडल आणलंय पण सकाळी ८, दुपारी ९ असं दाखवतं. गूळ तर वाढवला नाही.
— एक वाचक, वाई, जि. सातारा

उत्तर : ताई, वरचं काकांचं उत्तर तुमच्यासाठीही आहे, दुपारपर्यंत गॅस वाढला आणि स्पिंडल उचललं गेलं. दोन तांब्यांत वीस वेळा वरखाली करा, आल्याचे धागे गाळून घ्या, मग वाचा, सकाळपेक्षा कमीच येईल. पण मुलं पितात म्हणून मला दुसरं सांगायचंय. एक ब्रिक्स उतरला की साधारण अर्धा टक्का अल्कोहोल झालेलं असतं, म्हणून जेमतेम अर्धा ब्रिक्स उतरला की लगेच फ्रिजमध्ये आणि दोन-तीन दिवसांत संपवायचा, बाहेर राहिला तर तो मुलांचा सोडा राहत नाही. गूळ घातल्यावर तो पूर्ण विरघळवून, गाळून जो पहिला आकडा येतो तो लिहून ठेवा, नाहीतर किती उतरलं ते कळणारच नाही. आणि काचेच्या बाटल्या वापरणं बंद करा, कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या घ्या, रोज बोटानं दाबून बघायच्या, दाबली जात नाही इतकी टणक झाली की त्याच मिनिटाला फ्रिजमध्ये.